अडीच लाखांची रेघ: स्लाऊमधल्या एका घराचा सौदा

२०१४ च्या सप्टेंबरात स्लाऊमध्ये एक तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं, घर विकायला निघालं. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळचं हे गाव ग्रामर शाळांमुळे, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळांमुळे, भारतीय कुटुंबांच्या आवडीचं आहे. विकणारं जोडपं इंग्रज आणि निवृत्त होतं. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, आणि त्यांना डॉर्सेटला समुद्राकाठी लहान घर घ्यायचं होतं. घेणारं जोडपं मराठी: तो आयटीत, ती एका फार्मसीत, आणि मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाणार होती. इथलं घर आणि माणसं अशा अनेक सौद्यांवरून बेतलेली आहेत. कराचे दर, तारखा आणि नियम मात्र त्या वर्षी जसे होते तसेच दिले आहेत.

सौदा पाच महिने चालला. त्या काळात घराची एक वीटही बदलली नाही, बाजारही फारसा हलला नाही. तरी घराच्या किमतीचे चार वेगवेगळे आकडे झाले, आणि त्यातले तीन आकडे घर बघून ठरलेले नव्हते. ते ठरले स्टॅम्प ड्यूटीच्या एका मर्यादेमुळे.

तीन एजंट, तीन आकडे

इंग्लंडमध्ये घर विकायचं तर दोन-तीन इस्टेट एजंटांना बोलावून किंमत काढून घेतात. एजंट विकणाऱ्याच्या बाजूचा असतो, कमिशनही विकणाराच देतो. पहिल्या एजंटाने सांगितलं, २,६५,००० पौंड. दुसरा म्हणाला, ‘ऑफर्स इन एक्सेस ऑफ २,५०,०००’ असं लिहू, म्हणजे अडीच लाखांपुढे जो जाईल त्याचा विचार करू. तिसऱ्याने २,४९,९५० चा आकडा दिला. ‘याच्यावर लावलंत तर वसंतापर्यंत बसून राहाल,’ असंही तो म्हणाला.

शेजारची घरं बघून घराचा अंदाज बांधला, तर ते साधारण २,५५,००० ते २,५८,००० चं होतं. नेमका तोच आकडा तिघांपैकी एकानेही उच्चारला नाही.

कारण त्या वेळच्या करात होतं. स्टॅम्प ड्यूटी घेणाऱ्याने भरायची, आणि तिचे स्लॅब असे होते: १,२५,००० पौंडांपर्यंत काही नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत १ टक्का, २,५०,००० च्या वर ५,००,००० पर्यंत ३ टक्के, पुढे ४ टक्के, आणि असेच चढे. आपल्याकडच्या प्राप्तिकरात जास्तीचा दर फक्त मर्यादेवरच्या रकमेला लागतो. इथे तसं नव्हतं. मर्यादा ओलांडली की पूर्ण किमतीला वरचा दर लागायचा. २,५०,००० च्या घरावर कर २,५०० पौंड. किंमत एका पौंडाने वाढली की कर ७,५०० पौंड.

याचा अर्थ घेणाऱ्याच्या बाजूने मांडून बघावा. समजा एखाद्याची या घरासाठी, करासकट, एकूण २,५७,५०० पौंड खर्चायची तयारी आहे. अडीच लाखांच्या रेघेच्या वर गेला तर ३ टक्के कर वजा जाता विकणाऱ्याला द्यायला त्याच्याकडे बरोबर २,५०,००० उरतात. रेघेवर थांबला तरी तो विकणाऱ्याला २,५०,००० च देतो, आणि ५,००० पौंड त्याच्या खिशात राहतात. म्हणजे २,५२,५०० पासून २,५७,५०० पर्यंत ज्याची ज्याची खर्चाची तयारी आहे, त्याच्याकडून विकणाऱ्याला एक पौंडही जास्त मिळू शकत नाही. घेणारा कितीही भला असो, कितीही उत्सुक असो. अडीच लाखांच्या वर एक पट्टा होता, जिथे सौदा करण्यात कोणाचंच हित नव्हतं. आणि हे घर नेमकं त्या पट्ट्यात पडलं होतं.

हे सगळ्या इंग्लंडभर दिसायचं. तिथल्या लँड रजिस्ट्रीकडे प्रत्येक सौद्याची किंमत जाहीर असते. ते आकडे मांडले तर २,५०,००० वर आणि त्याच्या किंचित खाली सौद्यांचा ढीग, आणि लगेच वर मोकळी जागा. मायकेल बेस्ट आणि हेन्रिक क्लेव्हेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ ते २०१२ या काळातल्या सौद्यांच्या करनोंदी तपासून हा ढीग आणि ही पोकळी प्रत्येक मर्यादेपाशी दाखवून दिली. २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. इस्टेट एजंटांना मात्र ते रोजच्या कामातूनच माहीत होतं.

ही रेघ तिथे कशी आली तेही बघायला हवं. स्टॅम्प ड्यूटी इंग्लंडात १६९४ पासून आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाला पैसा हवा म्हणून ती आणली होती. अडीच लाखांची मर्यादा मात्र १९९७ ची, गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री झाले त्या वर्षीची. तेव्हा तिच्यावर दीड टक्का होता. पुढच्या तीन वर्षांत तो वाढवत वाढवत २००० मध्ये ३ टक्क्यांवर नेला, आणि मर्यादा जागच्या जागी ठेवली. १९९७ मध्ये अडीच लाखांत श्रीमंताचं घर यायचं. २०१४ मध्ये लंडनच्या आसपास त्याच पैशांत नोकरदाराचं साधं घर येत होतं. श्रीमंतांसाठी आखलेली रेघ न हलता मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या मते दोष इथेच होता. कर घ्यावा की नाही हा वेगळा वाद आहे. पण मर्यादा सतरा वर्षं न हलवणं म्हणजे कायदा न बदलता दरवर्षी नव्या लोकांना त्यात ओढणं.

रेघेच्या वर लावलेली किंमत

घरमालकांनी पहिल्या एजंटाचं ऐकलं आणि घर २,६४,९५० ला लावलं. सहा आठवड्यांत मोजकी माणसं बघून गेली, ऑफर एकही आली नाही.

घर चांगलं होतं, पण चुकीच्या लोकांपुढे उभं होतं. ज्यांचं बजेट अडीच लाखांचं, त्यांनी प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर कमाल किंमत २,५०,००० टाकलेली असायची. त्यांना हे घर दिसतच नव्हतं. ज्यांनी रेघ ओलांडायची मनाची तयारी केली होती, ते म्हणायचे, एकदा ५,००० पौंड जास्तीचे जाणारच आहेत, तर त्यात मोठी बाग किंवा चौथी खोली तरी मिळू दे. ते २,७५,००० ते २,८५,००० ची घरं बघत होते आणि त्यांच्या शेजारी हे घर लहान वाटत होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस किंमत २,५९,९५० केली. त्याने काहीच साधलं नाही, कारण रेघेच्या वरचे पाच हजार कमी केले तरी घर रेघेच्या वरच राहिलं.

आमचं मराठी जोडपं तिथे पोचलं ते एजंटाच्या फोनवरून. त्यांनी आधी त्याच्याकडे २,४५,००० चं एक घर बघितलं होतं आणि ते हातचं गेलं होतं. एजंट म्हणाला, ‘एक आहे, किंमत वर लिहिलीय, पण येऊन तर बघा.’ एजंटाचं हित कुठे होतं ते इथे दिसतं. दीड टक्का कमिशन धरलं तर २,५०,००० वर त्याला ३,७५० पौंड मिळणार, २,५५,००० वर त्याहून फक्त ७५ पौंड जास्त. तेवढ्या ७५ पौंडांसाठी तो आणखी तीन महिने घर दाखवत बसणार नव्हता.

घर दोघांना पहिल्याच भेटीत आवडलं. तिला मागचं दक्षिणेकडे तोंड असलेलं आवार, त्याला स्टेशनचं चालत दहा मिनिटांचं अंतर. त्यांची शिल्लक ३६,००० पौंड होती. त्यांनी रात्री बसून हिशेब मांडला. हा हिशेब मी पूर्ण देतो, कारण टक्क्यांची चर्चा करणारे लोक बहुतेक वेळा इथेच चुकतात.

बँक घराच्या किमतीवर ९० टक्के कर्ज देते. स्टॅम्प ड्यूटीवर देत नाही. ती रोख, साठवलेल्या पैशातून जाते. २,५०,००० ला घर घेतलं तर डिपॉझिट २५,०००, स्टॅम्प ड्यूटी २,५००, सॉलिसिटर (वकील), सर्व्हे आणि सामान हलवणं मिळून अंदाजे २,५००. एकूण ३०,०००, हाती उरले ६,०००. त्यात बॉयलर बदलता आला असता, मुलीच्या खोलीला पलंग-कपाट झालं असतं. २,५६,००० ला घेतलं तर डिपॉझिट २५,६००, स्टॅम्प ड्यूटी ७,६८०, बाकी खर्च तोच. एकूण ३५,७८०, हाती उरले २२० पौंड. नव्या घरात पहिल्या महिन्यात काही बिघडलं तर क्रेडिट कार्डावर काढावं लागणार.

किमतीत फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. पण शिलकीचा विचार केला तर एकीकडे निभाव आणि दुसरीकडे कडेलोट. रोखीतून जाणारे पाच हजार आणि पंचवीस वर्षांच्या कर्जातून जाणारे पाच हजार हे तरुण कुटुंबाला एकसारखे नसतात. रेघेवर हटून बसणाऱ्या खरेदीदाराला चिकट म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

पहिली ऑफर त्यांनी २,४८,००० ची दिली. नकार आला. दुसरी २,५०,०००, ‘यापुढे एक पौंडही नाही’ अशी. घरमालकांनी २,५६,००० मागितले. वरवर बघता फरक सहा हजारांचा होता, आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन हजार सोडले की संपेल असं वाटावं. पण २,५३,००० ला मध्य काढला असता तर विकणाऱ्याला ३,००० जास्त मिळाले असते आणि घेणाऱ्याचे ८,०९० जास्त गेले असते. जिथे मध्यावर भेटायलाच जागा नाही, तिथे घासाघीस कसली करणार? म्हाताऱ्या जोडप्याला वाटत होतं, हे लोक हट्टाला पेटलेत. यांना वाटत होतं, त्यांना आमची अडचण दिसत नाही. दोन्ही बाजूंची माणसं सरळ होती.

पडदे, गालिचे आणि कुंडीतली झाडं

अशा वेळी त्या काळात हमखास एक वाट सुचवली जायची. एजंटाने ती आडून सुचवली, आणि ओळखीतल्या एका मराठी काकांनी तर उघडच सांगितली. ‘अरे, घर अडीच लाखांचंच दाखव. वरचे सहा हजार पडदे-गालिचे, फ्रिज म्हणून वेगळे दे. सगळे करतात.’

काकांच्या सांगण्यात थोडं तथ्य होतं. स्टॅम्प ड्यूटी जमिनीवर आणि घरावर आहे, सुट्या सामानावर नाही. गालिचे, पडदे, सुटा फ्रिज, वॉशिंग मशीन, दिव्यांच्या शेड यांची किंमत वेगळी धरता येते. भिंतीत बसवलेलं स्वयंपाकघर, न्हाणीघरातली भांडी, सेंट्रल हीटिंग, भिंतीतला ओव्हन हे मात्र घरातच मोडतं. कुंडीतलं झाड सुटं सामान, जमिनीत रुजलेलं झाड घराचा भाग. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुट्या सामानाची लावलेली किंमत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. पंधरा वर्षं वापरलेल्या गालिच्याचे चार हजार लावले तर ती करचुकवेगिरी होते. रेघेच्या नेमके खाली झालेले सौदे करखात्याच्या नजरेत आधीच येत असत.

त्यांच्या सॉलिसिटरबाईंनी यादी मागवली, प्रत्येक वस्तूचं वय विचारलं आणि सांगितलं की बाराशे पौंडांच्या वर त्या सही करणार नाहीत. आणि जे काही ठरेल ते बँकेलाही कळवावं लागेल. काकांना हे पटलं नाही. मला सॉलिसिटरबाईंचं वागणं योग्य वाटतं, आणि ते कायद्याच्या भीतीपुरतं नाही. सही घेणाऱ्याची असते. चौकशी आली तर एजंट आणि काका समोर नसतात. परदेशात व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाच्या नावापुढे करखात्याचा ठपका कुठवर नडेल, याचा अंदाज सल्ला देणाऱ्यांना नसतो.

शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावर ठरलं ते असं: घराचे २,५०,०००, आणि गालिचे, पडदे, फ्रिज, वॉशिंग मशीन, बागेतल्या खुर्च्या मिळून १,२००. घरमालकांनी नाइलाजाने हो म्हटलं. डॉर्सेटचं घर त्यांच्या हातून निसटत होतं. सौदा ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे करार होईपर्यंत बंधन नाही अशा अटीवर, ठरला. सर्व्हे झाला, बँकेने कर्ज मंजूर केलं, कागदपत्रं सुरू झाली.

इथे इंग्लंड-वेल्सच्या पद्धतीतली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ऑफर स्वीकारली म्हणजे सौदा झाला असं तिथे नसतं. दोन्ही सॉलिसिटर करारांची अदलाबदल करतात, त्याला एक्स्चेंज म्हणतात, तोवर कोणीही मागे फिरू शकतं. ऑफरपासून एक्स्चेंजपर्यंत सहज दोन महिने जातात.

३ डिसेंबर

३ डिसेंबर २०१४ ला दुपारी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न संसदेत ऑटम स्टेटमेंटसाठी, म्हणजे सरकारच्या शरदातल्या आर्थिक निवेदनासाठी, उभे राहिले आणि त्यांनी स्लॅबची ही पद्धतच मोडीत काढली. त्याच मध्यरात्रीपासून नवे दर: १,२५,००० पर्यंत शून्य, त्यापुढच्या २,५०,००० पर्यंतच्या भागाला २ टक्के, २,५०,००० ते ९,२५,००० च्या भागाला ५ टक्के, १५ लाखांपर्यंतच्या भागाला १० टक्के, त्यावर १२ टक्के. प्रत्येक दर आपापल्या भागालाच. कर भरणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांचा कर कमी होईल असं त्यांनी सांगितलं, आणि २,७५,००० च्या घराचं उदाहरण दिलं: ८,२५० च्या जागी ३,७५०, म्हणजे ४,५०० पौंडांची बचत. ही दिशा स्कॉटलंडने आधीच घेतली होती. ऑक्टोबरात तिथल्या सरकारने एप्रिल २०१५ पासूनच्या आपल्या नव्या करासाठी असेच भागागणिक दर जाहीर केले होते.

बातमी ऐकून मराठी जोडपं खूश झालं. मग त्यांनी आपल्या घराचा आकडा मांडला. २,५०,००० वर नवा कर: १,२५,००० चे २ टक्के, म्हणजे २,५०० पौंड. जुना करही तेवढाच होता. ज्या सुधारणेने जवळपास सगळ्यांना काहीतरी दिलं, तिने नेमकं त्यांना काहीच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटाचा फोन आला. घरमालकांना किंमत पुन्हा ठरवायची होती. काल २,५८,००० ला घर घ्यायचं तर करासकट २,६५,७४० लागले असते. आज २,६०,९०० पुरत होते. विकणाऱ्याला ८,००० जास्त द्यायला काल घेणाऱ्याचे १३,२४० जात होते, आज ८,४००. त्या पट्ट्यात आता पुन्हा सौदा करता येत होता. घर आता आपल्या खऱ्या किमतीला विकता येणार होतं, आणि एक्स्चेंज झालेलं नव्हतं.

मराठी घरात त्या संध्याकाळी बराच राग होता. ‘शब्द दिला होता त्यांनी,’ असं तो म्हणत होता. सर्व्हेचे आणि सॉलिसिटरचे पैसे जाऊन बसले होते. तिचं म्हणणं वेगळं होतं: ‘आपण पण त्यांना अडीचवर बांधलं ते त्या नियमाच्या जोरावरच ना? घर अडीचचं नाही हे आपल्यालाही माहीत होतं.’

मला तिचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. दिलेला शब्द फिरवणं बरं दिसत नाही, आणि पैसे खर्च झालेल्या माणसाशी तर मुळीच नाही. पण २,५०,००० हा आकडा त्या दोन कुटुंबांनी ठरवलेलाच नव्हता. तो नियमाने ठरवला होता, आणि नियम गेला. सहा हजारांचा जो फायदा खरेदीदारांना झाला होता, तो विकणाऱ्याच्या खिशातून आला होता.

त्यांनी घाई न करता तीन गोष्टी केल्या. आधी एजंटाला विचारलं, दुसरा कोणी ग्राहक आला आहे का. नव्हता, पण जानेवारीत येणार हे उघड होतं, कारण आता अडीच लाखांच्या बजेटवाल्यालाही २,५५,००० चं घर परवडण्याजोगं झालं होतं. मग बँकेला विचारलं की कर्ज थोडं वाढवून मिळेल का. होकार आला, फक्त कागद पुन्हा काढावे लागणार होते. आणि मग त्यांनी एकच आकडा दिला: २,५५,०००, सामान त्यातच धरून, आणि जानेवारीच्या आत एक्स्चेंज. घरमालकांनी एका दिवसात होकार दिला. त्यांनाही डॉर्सेटच्या घराची घाई होती, आणि त्या घराच्या मालकाचाही आता फोन येईल ही धास्ती होती.

नवा कर २,७५०. डिपॉझिट २५,५००. बाकी खर्च धरून एकूण ३०,७५०, हाती उरले ५,२५०. त्या रात्रीच्या २,५०,००० च्या हिशेबाशी तुलना केली तर रोखीत फरक फक्त ७५० पौंडांचा. कर्ज ४,५०० ने वाढलं. पंचवीस वर्षांच्या मुदतीला साडेतीन टक्के व्याज धरलं तर महिन्याला २२-२३ पौंड. बॉयलर बदलायला पैसे उरले. जुन्या नियमात २,५५,००० ला हेच घर घेतलं असतं तर शिलकीत चारशेसुद्धा उरले नसते. फेब्रुवारी २०१५ मध्ये किल्ल्या हातात आल्या.

बचत कोणाला मिळाली

कागदावर स्टॅम्प ड्यूटी घेणारा भरतो. सुधारणाही घेणाऱ्यांसाठीच म्हणून जाहीर झाली. या सौद्यात घेणाऱ्याचा एकूण खर्च, सामानाचे १,२०० धरूनसुद्धा, ४,०५० पौंडांनी वाढला, विकणाऱ्याला ३,८०० जास्त मिळाले आणि सरकारला २५० जास्त. रेघेला चिकटलेल्या घरांवर जुन्या कराचा भार मुळात विकणाऱ्यावरच होता. म्हणून तो उठला तेव्हा सुटकाही त्यालाच मिळाली.

त्याच गल्लीत कोणी २,७५,००० चं घर ठरवून ठेवलं असेल, तर त्याची गोष्ट अगदी उलटी. त्याचे ४,५०० पौंड वाचले, आणि विकणाऱ्याने किंमत वाढवून मागितली नसेल तर सगळे त्याच्याकडेच राहिले. एक्स्चेंज ४ डिसेंबरच्या आधी झालं असेल आणि ताबा नंतर, तर जुना किंवा नवा नियम निवडायची मुभा होती. अशांना विकणारा हातही लावू शकत नव्हता. सुधारणा एकच, पण कोणाच्या पदरात काय पडलं हे सौदा रेघेच्या कुठल्या बाजूला होता आणि एक्स्चेंज कधी झालं, यावर ठरलं.

आजची रेघ

अडीच लाखांची रेघ गेली, पण इंग्लंडच्या स्टॅम्प ड्यूटीत अशी रेघ उरलेलीच नाही असं समजू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिलं घर घेणाऱ्यांना सवलत मिळाली: ३,००,००० पर्यंत कर नाही, त्यापुढे ५,००,००० पर्यंतच्या भागाला ५ टक्के. पण घराची किंमत पाच लाखांच्या वर गेली की सवलत पूर्ण रद्द. सप्टेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा ६,२५,००० केली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती परत ५,००,००० वर आली. त्यामुळे ६,००,००० चं पहिलं घर घेणाऱ्याचा कर ३१ मार्चला ८,७५० होता आणि दुसऱ्या दिवशी २०,००० झाला. त्या मार्चमध्ये सगळे सॉलिसिटरांच्या मागे का लागले होते ते यावरून कळतं.

आज पहिलं घर घेणाऱ्याला ५,००,००० वर १०,००० पौंड कर आहे, ५,०५,००० वर १५,२५०. विकणाऱ्याला पाच हजार जास्त द्यायचे तर याचे १०,२५० जातात. गणित स्लाऊचंच आहे. लंडनमधल्या हॅरो, हाउन्स्लो अशा भागांत, जिथे नवी मराठी कुटुंबं पहिलं घर शोधतात, पाच लाखांच्या अलीकडे-पलीकडे भरपूर घरं आहेत.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. २०१४ ची रेघ सगळ्यांना सारखी आडवी यायची. ही फक्त पहिल्या घरवाल्यांना येते. ज्याचं आधी घर आहे आणि ते विकून जो दुसरं घेतोय, त्याला ५,००,००० वर १५,००० आणि ५,०५,००० वर १५,२५०. त्याला रेघ जाणवतच नाही. त्यामुळे ५,१०,००० ला लावलेल्या घरावर पहिलं घर घेणारा ‘पाच लाखांच्या पुढे नाही’ म्हणाला, तर विकणारा दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकाची वाट बघू शकतो. घर दोन बेडरूमचा फ्लॅट असेल, तर तिथे येणारे बरेचसे पहिलेच घर घेणारे असतात, आणि पाच लाखांची ऑफर बहुधा टिकते. कुटुंबाला पुरणारं तीन-चार बेडरूमचं घर असेल, तर तीच ऑफर दुसऱ्याच दिवशी मागे पडू शकते.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काला असा स्लॅब नाही. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांतली जी जास्त असेल तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लागतं. पण बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवरचा जीएसटी बघा. एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांना १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के, आणि परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं, मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर आणि पुण्यात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं. ४५,००,००० वर कर ४५,०००. ४५,०१,००० वर २,२५,०५०. आणि इथे काकांच्या युक्तीला जागाच ठेवलेली नाही: पार्किंग, मनपसंत मजल्याचे जादा पैसे, विकास शुल्क, सगळं त्या ४५ लाखांत मोजलं जातं. वाघोली किंवा बदलापूरला ४४ लाख ९० हजारांची पाटी दिसली, तर बिल्डरला पहिला प्रश्न हाच विचारावा की पार्किंग या आकड्यात आहे की त्याच्या बाहेर, आणि उत्तर कॉस्ट शीटवर लिहून घ्यावं.